किनाऱ्यावरचं घर, बँकेचं नाव

मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सुट्टीसाठी घर घेतलेल्या एखाद्या अमेरिकन माणसाची कागदपत्रं पाहिली, तर मालक म्हणून बहुतेक वेळा त्याचं नाव सापडत नाही. आपल्या भाषेत सांगायचं, तर सातबाऱ्यावर नाव असतं एका मेक्सिकन बँकेचं. पैसे त्याचे, किल्ली त्याची, भाडं तोच घेणार, विकलं तर नफाही त्याचाच. मालकी मात्र बँकेची. असं का, हे कळायला दोनशे वर्षं मागे, टेक्सासला जावं लागतं.

१८२१ साली स्वतंत्र झालेल्या मेक्सिकोकडे उत्तरेला अफाट जमीन होती आणि वस्ती विरळ. (म्हणजे सरकारच्या हिशेबात विरळ. तिथल्या कोमान्ची, अपाची लोकांना कोण विचारतंय!) मग अमेरिकनांना स्वस्तात जमिनी देऊन बोलावलं गेलं. अट अशी की कॅथलिक व्हा आणि मेक्सिकोशी एकनिष्ठ राहा. लोक आले, कापूस लावला, सोबत गुलामही आणले. १८२९ साली मेक्सिकोने गुलामगिरीवर बंदी जाहीर केली, १८३० साली अमेरिकेतून होणारं स्थलांतर थांबवायचा कायदा केला. तोवर उशीर झाला होता. १८३६ साली टेक्सास फुटून निघालं, १८४५ साली अमेरिकेत सामील झालं. पाठोपाठ युद्ध झालं आणि १८४८च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने कॅलिफोर्नियाही गेलं. टेक्सास धरून निम्म्याहून जास्त देश गेला. सैन्य नंतर आलं. आधी आले होते ते जमीन घेणारे.

तरीही पोर्फिरिओ दियास यांच्या राजवटीत (१८७६ ते १९११) परकीयांना पुन्हा दारं सताड उघडली. खाणी, रेल्वे, तेल, जमिनी, सगळंच. चिवावामधलं बाबिकोरा नावाचं प्रचंड रँच तर अमेरिकन वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांच्या कुटुंबाचं होतं. गावोगावचे शेतकरी भूमिहीन होत गेले आणि १९१० साली क्रांतीचा भडका उडाला. तिच्यातून ५ फेब्रुवारी १९१७ची राज्यघटना आली. तिचं कलम २७ सांगतं : सीमेपासून १०० आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परकीयांना जमिनीची थेट मालकी मिळणार नाही. पट्ट्याबाहेर मिळेल, पण ‘या जमिनीपुरता मी मेक्सिकन, माझ्या सरकारला मध्ये आणणार नाही’ असं लिहून द्यायचं. शब्द मोडला तर जमीन जप्त. मला हे वाक्य फार आवडतं. गनबोट पाठवायची सवय असलेल्या देशांना उद्देशूनच ते लिहिलंय.

पण लोकांना हवा असतो समुद्र. मग ओळखीच्या मेक्सिकनाच्या नावावर घर घ्यायची पद्धत पडली. अशा माणसाला तिथे ‘प्रेस्तानोम्ब्रे’, म्हणजे नाव उसनं देणारा, म्हणतात. आपल्याकडचं बेनामी! नाव देणारा फिरला तर कोर्टात जायचीही सोय नाही.

१९७०च्या आसपास सरकारलाच डॉलर हवे होते. कॅनकून हे नवंकोरं पर्यटनशहर तेव्हाच वसवायला घेतलं गेलं. घटनेला हात लावणं राजकीयदृष्ट्या अशक्य. म्हणून १९७१ साली आमच्या धंद्यात ज्याला वर्कअराउंड म्हणतात तसा मार्ग काढला : ‘फिदेइकोमिसो’, म्हणजे ट्रस्ट. मालक बँक, लाभार्थी परकीय. मुदत ३० वर्षं. १९९३च्या कायद्याने ती ५० झाली आणि नूतनीकरणाची सोयही आली. बँक दरवर्षी आपली फी घेते.

ट्रस्ट केला की सगळं पक्कं, असंही नाही. जमीन विकणाऱ्याची होती का, हे आधी बघावं लागतं. एन्सेनादाजवळच्या पुंता बांदा इथे अनेक अमेरिकनांनी तर ट्रस्टही न करता भाडेपट्ट्याच्या जमिनीवर बंगले बांधले होते. जमीन ‘एहिदो’ची, म्हणजे क्रांतीनंतरच्या जमीनवाटपातली सामायिक जमीन, असं सांगितलं गेलं होतं. खरे मालक आम्हीच, म्हणत दुसरेच मेक्सिकन कोर्टात गेले. वर्षानुवर्षं खटला चालला, सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबर २०००मध्ये पोलिसांनी घरं रिकामी करायला लावली. बातम्यांत दिसले ते सामान बाहेर काढणारे निवृत्त अमेरिकन. आपल्याच जमिनीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे मेक्सिकन मालक त्या मानाने कमीच दिसले.

एप्रिल २०१३मध्ये घरापुरती ही बंदी उठवणारी घटनादुरुस्ती संसदेच्या खालच्या सभागृहात मंजूर झाली. सिनेटमध्ये ती अडकली. १९९४ साली केलेले ५० वर्षांचे ट्रस्ट २०४४ साली नूतनीकरणाला येतील.