घोडा राहिला, स्वार उतरला

सार्वजनिक पुतळा उभारणारा एक असतो आणि त्याचा अर्थ ठरविणारे निराळेच असतात. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुतळ्यांविषयीचे पुष्कळ वाद निष्फळ ठरतात, असे आम्हांस वाटते. मुंबईतील दोन पुतळ्यांचा वृत्तान्त या दृष्टीने विचारार्ह आहे.

खंडेराव गायकवाड यांच्या देणगीतून उभारलेला, मॅथ्यू नोबल याने घडविलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ साली अनावृत झाला. १८९६ च्या ऑक्टोबरात एका रात्री त्यास डांबर फासण्यात येऊन गळ्यात जोड्यांची माळ घालण्यात आली. हे कृत्य आपले, असे पुढे रँडच्या वधाबद्दल फाशी गेलेल्या दामोदर चापेकरांनी सांगितले. डाग निघता निघेनात, अखेर प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांच्या रसायनविद्येस यश आले. हा रोष शिल्पकाराच्या कौशल्यावर नव्हता. ज्या सत्तेची ती मूर्ती निशाणी होती, त्या सत्तेवर होता.

दुसरा पुतळा प्रिन्स ऑफ वेल्सचा. त्याच्या १८७५-७६ च्या भेटीचे स्मारक म्हणून आल्बर्ट ससून यांनी तो दिला. बोहेम याने ओतविलेला हा अश्वारूढ पुतळा १८७९ साली उभा राहिला. लोकांनी त्याचे काय केले? त्यास नुसते नाव दिले : काळा घोडा. भावी सम्राट खोगिरावर बसलेला, आणि नाव मात्र खालच्या जनावराचे! यास अवज्ञा म्हणावे की बोलण्यातली सहज सोय, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो. परिणाम मात्र निर्विवाद आहे. डांबर धुतले गेले. नाव धुता आले नाही.

स्वातंत्र्यानंतर हे दोन्ही पुतळे भायखळ्यास गेले. काळा घोडा १९६५ साली हलला. ते वितळविले गेले नाहीत, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. समाजाने मान काढून घेतला, कला राखली. पुतळा हलविला की इतिहास पुसला जातो, असे म्हणणारांनी पुढील गोष्टही पाहावी. घोडा नसतानाही चौकाचे नाव टिकले, आणि २०१७ साली त्या नावाच्या ओढीनेच तेथे नवा घोडा उभा राहिला. त्याच्या पाठीवर स्वार नाही.

देणगीदार चबुतरा देऊ शकतो. आदर देऊ शकत नाही. तो रस्त्यावरून जाणारा येणारा देतो, अथवा देत नाही.