हेक्सामिलियन

ग्रीसमधील कॉरिंथच्या संयोगभूमीवरील तटबंदी. ग्रीक नावाचा अर्थ ‘सहा मैलांची’. सारोनिक आखात ते कॉरिंथचे आखात अशी सु. ७·५ किमी. लांब. पेलोपनीजमध्ये उत्तरेकडून येणारी खुष्कीची वाट अडवणे हा तिचा हेतू.

इ. स. पू. ४८० मध्ये झेर्क्सिसच्या स्वारीच्या वेळी लिओनिडासचा भाऊ क्लिओम्ब्रोटस याच्या नेतृत्वाखाली येथे रात्रंदिवस खपून भिंत घातली गेली. दगड, विटा, लाकूड आणि वाळूने भरलेल्या टोपल्या, हाती लागले ते तिच्यात गेले, असे हीरॉडोटस सांगतो. त्याहून जुनी मायसीनी भिंत सापडल्याचे ऑस्कर ब्रोनिअरचे मत सर्वमान्य नाही.

अवशेषरूपाने दिसणारी तटबंदी व्हिसिगॉथ राजा अलारिकच्या स्वारीनंतरची (३९६), सामान्यतः दुसऱ्या थिओडोशियसच्या कारकिर्दीतली मानतात. दोन्ही अंगांना घडीव चिरे, पोटात चुन्यात बसवलेली दगडगोट्यांची भर. चिरे आणण्यासाठी खाणीपर्यंत जावे लागले नाही. इस्थमिया येथील पोसायडनचे मंदिर शेजारीच होते. तेच मोडून वापरले. रोमन स्नानगृहाची भिंत जागच्या जागी तटात सामावली आणि अथेन्सच्या रस्त्यावरची रोमन कमान तटाला जोडून बांधलेल्या किल्ल्याचा ईशान्य दरवाजा झाली. मंदिराच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्याला आजही या तटातले चिरे तपासावे लागतात. सहाव्या शतकात जस्टिनियनने डागडुजी केली; इस्थमियाच्या शिलालेखात त्याच्यासाठी व सेवक व्हिक्टोरिनस याच्यासाठी प्रार्थना कोरली आहे.

१४१५ मध्ये दुसऱ्या मॅन्युएल पालायलोगसने भिंत २५ दिवसांत पुन्हा उभी केली. समकालीन नोंदींत १५३ बुरुजांचा उल्लेख येतो. एवढे करूनही १४२३ मध्ये ऑटोमन सेनापती तुराहान बेग आत शिरला. पुढे मोरियाचा (पेलोपनीजचा) अधिपती कॉन्स्टंटाइन (नंतरचा अखेरचा बायझंटिन सम्राट) याने ती दुरुस्त केली. डिसेंबर १४४६ मध्ये सुलतान दुसऱ्या मुरादच्या तोफांनी ती फोडली. तटावर पुरेशी माणसे उभी करणे कोणत्याच काळात सोपे नव्हते.

१४६३ मध्ये व्हेनिसने डागडुजी केली; ती टिकली नाही.

१८८३ मध्ये पॉल मोंसोने किल्ल्याच्या तटालाच पोसायडनच्या क्षेत्राचा कोट समजून आत उत्खनन केले. मंदिराचा पाया ब्रोनिअरला १९५२ मध्ये तटाबाहेर सापडला. किल्ल्यावरील टिमथी ग्रेगरीचा सविस्तर ग्रंथ १९९३ चा. एक्झामिलिया या गावाच्या नावात तटबंदीचे नाव टिकून आहे.