काचेच्या नावाचा मोतीबिंदू

रायपूरच्या भनपुरी औद्योगिक भागातील रोलिंग मिलमध्ये लालबुंद पोलाद रुळांमधून सरकते, तेव्हा समोरच्या कामगाराच्या डोळ्यांवर प्रकाशाबरोबरच अदृश्य अवरक्त किरणेही पडतात. प्रकाशाने डोळे दिपतात आणि मान वळते. अवरक्त किरणांची डोळ्याला चाहूलच लागत नाही. त्यांनी होणाऱ्या मोतीबिंदूची ओळख मात्र प्रथम काचेच्या भट्टीपाशी पटली.

काचकामगारांच्या अधू डोळ्यांची नोंद इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० मध्येच केली होती. १८८६ मध्ये जर्मनीत मायहोफर यांना काच फुंकणाऱ्या तरुणांचीही नेत्रभिंगे गढूळ झालेली आढळली. १९०८ मध्ये ब्रिटनने हा मोतीबिंदू भरपाईस पात्र ठरवला, पण केवळ काचकामगारांपुरता. त्याच वर्षी पुण्याजवळ तळेगावला लोकांच्या पैसापैसा वर्गणीतून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्याचा इतिहास आपण स्वदेशीच्या अभिमानाने सांगतो. भट्टीसमोरच्या डोळ्यांचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. ब्रिटनमध्ये विल्यम क्रुक्स यांनी शेकडो मिश्रणे तपासून उष्ण किरणे अडवणारी चष्म्याची काच घडवली. काचेने बिघडवलेल्या डोळ्यांना काचच राखू लागली!

रोगाच्या नावात काच असली तरी कारण तापलेल्या पदार्थाची किरणे हेच होते. १९२१ मध्ये वेल्समधील लॅनेली येथील हिली यांनी तप्त पत्रे लाटणाऱ्या कामगारांतील मोतीबिंदूची माहिती मांडली. भनपुरीच्या कामाशी याचे नाते अधिक जवळचे आहे.

हानी नेमकी कशी होते, यावर वाद झाला. फोख्ट यांच्या मते किरणे भिंगातच शोषली जातात. गोल्डमान यांच्या मते आधी बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा तापतो आणि ती उष्णता भिंगात उतरते. दोन्ही मतांत भिंगाची अडचण एकच: त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून साठलेली उष्णता वाहून नेणारे काही नाही.

१९८४ मध्ये स्वीडनच्या लिडाल व फिलिपसन यांनी पन्नाशीपुढील काचकामगार तपासले. दीर्घकाळ किरणांसमोर राबलेल्यांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया इतरांच्या कित्येक पट आढळली.

भारतात १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, ‘ब’ भागात, अवरक्त किरणांनी होणारा मोतीबिंदू पुढे समाविष्ट झाला. एका मालकाकडे सलग सहा महिने काम केलेल्याला त्या भागाचा आधार मिळे. नोकरी सुटल्यावर रोग उघड झाला, तर तो कामामुळेच झाल्याचे सिद्ध करावे लागे. हा मोतीबिंदू पिकायला वर्षानुवर्षे लागतात, आणि पूर्ण पिकल्यावर तो वार्धक्याच्या मोतीबिंदूसारखाच दिसतो.