गांजा, ‘आनंद’ आणि घराण्यातला थरकाप

सध्या आपल्या धरणगाव-एरंडोलच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. भांगेच्या तेलाने अंगाचा कंप, झटके, ‘घराण्यातला वात’ मुळापासून जातो म्हणे. चार-पाच जणांनी मला विचारलं, खरं का? एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८३९ मध्ये कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी गांजाच्या अर्काचे प्रयोग मांडले. देशात तारायंत्राचं जाळं उभारणारे ते हेच. धनुर्वाताच्या झटक्यांत, लहान मुलाच्या आकडीत त्यांना गुण दिसला. १८८८ मध्ये लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी आपल्या ग्रंथात कंपवातासाठी गांजाचा उल्लेख केला. म्हणजे हा मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही.

आता आपल्या शेजारी या. भुसावळच्या पुढं खंडवा. तिथला गांजा त्या काळी नामांकित, सरकारी परवान्यावर पिकायचा. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. ११९३ साक्षी झाल्या, १८९४ ला अहवाल आला. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं तपासली. ‘वेडाचं कारण’ या रकान्यात ठिकठिकाणी गांजा लिहिलेला, पण पुष्कळदा पुरावा काहीच नाही. पोलिसांकडून जे कळलं, तेच दप्तरात उतरलेलं. हा रकाना लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

गांजातला नशेचा घटक, टीएचसी, इस्रायलच्या राफेल मेशुलम यांनी १९६४ मध्ये वेगळा केला. १९८८ मध्ये अमेरिकेत कळलं की आपल्या मेंदूतच तो घटक चिकटण्याच्या जागा आहेत. निसर्गाने त्या गांजासाठी थोड्याच ठेवल्यात? १९९२ मध्ये शरीर स्वतः बनवतं तो पदार्थ सापडला. शोधणाऱ्यांनी संस्कृत ‘आनंद’वरून त्याला नाव दिलं, आनंदामाइड.

त्याचं काम काय? पाटाचं पाणी आठवा. शेत भिजलं की शेवटचा शेतकरी वर ओरडतो, ‘बस्स, बारं फिरव!’ मेंदूतही संदेश घेणारी पेशी असंच उलट दिशेला कळवते, ‘पुरे, हळू.’ तो निरोप ऐकणाऱ्या कानाला शास्त्रज्ञ सीबी१ म्हणतात. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या खोल भागात हे कान दाटीवाटीने आहेत.

हंटिंग्टन नावाच्या आजारात तोच भाग झिजतो. हातपाय आपोआप नाचल्यासारखे हलतात, तोल जातो, जीभ जड होते, स्वभाव बदलतो. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, निम्मी शक्यता. लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसतात, म्हणजे लग्न, लेकरं होऊन गेल्यावर. कारण असलेलं जनुक १९९३ मध्ये सापडलं. न्यूझीलंडच्या संशोधकांनी दान केलेले मेंदू तपासले, तेव्हा या आजारात सीबी१ अगदी सुरुवातीलाच कमी झालेलं दिसलं. २०११ मध्ये स्पेनमधल्या उंदरांवरच्या प्रयोगात सीबी१ काढून टाकल्यावर आजार आणखी बळावला.

मग बाहेरून गांजातले घटक द्यावेत का? देऊन पाहिले. १९९१ मध्ये अमेरिकेत १५ रुग्णांना सीबीडी दिलं, हालचालींत फरक नाही. २०१६ मध्ये स्पेनमध्ये २६ रुग्णांना टीएचसी आणि सीबीडीचा फवारा दिला. त्रास झाला नाही, पण गुणही दिसला नाही. ऐकणारे कानच गेले असतील तर ओरडून काय होणार, अशी शंका येते. शोध चालू आहे, पण ‘मुळापासून जातो’ हे खोटं आहे.

आता तो रकाना. तेव्हा पुरावा न पाहता वेडाचं कारण गांजा लिहायचे. आज तितक्याच सहज कंपाचं औषध म्हणून भांग लिहिली जाते. आणि आपल्या गावागावांत? झोकांड्या खाणाऱ्या माणसाच्या रकान्यात आपण ‘दारू’ लिहितो, बाईच्या रकान्यात ‘बाहेरचं’. सोयरीक मोडेल म्हणून घरचे गप्प. त्यात माणूस एकटा पडतो नि पैसा तेलवाल्याकडं जातो.

म्हणून सांगतो, घरात दोन पिढ्यांत असा त्रास असेल तर आधी मेंदूरोगतज्ज्ञाकडं जा. जळगाव, धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. तिथं दाखवा, पुढं कुठं जायचं ते विचारा. जनुकाची तपासणी रक्तातून होते, बंगळूरच्या निम्हान्समध्ये ती सोय आहे. आजार बरा करणारं औषध आज नाही, पण हालचाली कमी करणारी औषधं आहेत, व्यायाम आहे, गिळण्या-बोलण्याचे उपचार आहेत. आणि एक. धडधाकट मुला-मुलीची तपासणी सासरच्यांच्या किंवा भाऊबंदांच्या दबावाखाली करू नका. करायची की नाही, हे त्या सज्ञान माणसाने समुपदेशन घेऊन स्वतः ठरवावं.

तो तेलाचा मेसेज आला तर खाली ही पोस्ट टाका, भाऊ. तेवढं केलं तरी पुष्कळ.