‘तुमच्यात कुत्रं चालतं का?’

गेल्या पावसाळ्यात लेकीच्या हट्टापायी आम्ही शहराबाहेरच्या एका प्राणी-निवाऱ्यात गेलो. पत्र्याच्या शेडखाली जुन्या चादरीवर एक पिल्लू झोपले होते. वय दोन महिने. आई गावठी, बाप कोण ते कुणालाच ठाऊक नाही. लोंबते कान पाहून तिथला मुलगा म्हणाला, “लॅब्रॅडॉरचं रक्त असावं.” कुणीतरी पोत्यात घालून रस्त्याकडेला टाकलेल्या चार पिल्लांपैकी हे एकटेच जगले होते. लेक खाली बसली तशी ते उठून तिच्या चपलेचा पट्टा चावू लागले. माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला होता.

फॉर्म भरून दिला. आडनाव वाचून टेबलामागच्या बाई जरा थबकल्या. म्हणाल्या, “मॅडम, विचारते म्हणून राग मानू नका. तुमच्यात कुत्रं चालतं का?”

बाईंचा सूर वाईट नव्हता. नेलेले पिल्लू चार दिवसांनी परत येते, याचा त्यांना अनुभव असणार. तरीही माझ्या आधी फॉर्म भरणाऱ्या जोडप्याला हा प्रश्न विचारला गेला नव्हता, हे माझ्या लक्षात आले. घरी आले. सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, तस्बीह हातात घेऊन बसल्या होत्या. सगळे ऐकून त्यांनी एकच वाक्य उच्चारले, “अगं, आपल्यात कुत्रं चालतं का?”

एकाच दिवसात तोच प्रश्न दोनदा. फरक फक्त ‘तुमच्यात’ आणि ‘आपल्यात’ एवढाच. फॉर्ममध्ये एक रकाना होता : घरातील सर्व सदस्यांची संमती आहे का? तो मी कोरा ठेवला होता. निवाऱ्याने आठ दिवसांची मुदत दिली. ते आठ दिवस मी वाचण्यात घालवले. जे सापडले ते इथे मांडते.

आधी अवघड बाजू. ती लपवून काही साधत नाही. हदीसमध्ये आले आहे की ज्या घरात कुत्रा असतो तिथे फरिश्ते येत नाहीत. शिकार, गुरे किंवा शेती यांच्या कारणाशिवाय कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून रोज काही भाग कमी होतो, असेही आले आहे. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुवावे, त्यातले एकदा मातीने, हा आदेशही प्रसिद्ध आहे. अम्मींच्या पिढीने हे लहानपणी मदरशात ऐकले आणि आयुष्यभर पाळले. त्यांना ‘अडाणी समजूत’ म्हणून उडवून लावणे हा उद्धटपणा झाला असता.

पण या हदीसींचा अर्थ लावताना आपल्या इमामांचे एकमत नव्हते, हेही तितकेच खरे. इमाम मालिक यांच्या मते कुत्रा हा इतर जिवंत प्राण्यांसारखा पाकच आहे. भांडे धुण्याचा हुकूम आहे म्हणून ते धुवायचे, प्राणी नापाक आहे म्हणून नव्हे. हनफी फकीहांचे प्रचलित मत असे की कुत्र्याची लाळ नापाक, पण त्याचे अंग तसे नाही. शाफई मजहब सर्वांत कडक. त्यात कुत्रा पूर्णच नापाक मानला जातो, आणि ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुणे आले. कोरडा स्पर्श मात्र त्यांच्याकडेही नापाकी आणत नाही.

हा नुसता किताबी वाद नाही. आमच्या घरात तो रोज जेवायला बसतो. माझे माहेर सोलापूरचे, हनफी. सासर रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शाफई. अरबी समुद्रातून आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर कोकण किनाऱ्यावर शाफई मजहब आला. देशावर, दख्खनमध्ये हनफी रुजला. सह्याद्रीचा घाट चढताना मजहब बदलतो, असे मी गमतीने म्हणते. त्यामुळे ‘आपल्यात चालतं का’ या प्रश्नातले ‘आपण’ म्हणजे नेमके कोण, हे आधी विचारावे लागते. शाफई फकीहांनीही शेती, गुरे आणि शिकार यांच्या जोडीला घराची राखण हे कारण मान्य केले आहे. तेराव्या शतकातले इमाम नववी तर अशा कामासाठी पिल्लू वाढवण्यालाही मुभा देतात. अम्मींना हे मी सांगितले नाही. सुनेने फतवे काढू नयेत एवढे मला कळते.

आता दुसरी बाजू. कुरआनात सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. आणि सूरह कहफमध्ये तर कुत्रा थेट कथेतच आहे. जुलमी राजवटीपासून इमान वाचवण्यासाठी काही तरुण गुहेत आश्रय घेतात आणि तीनशे नऊ वर्षे झोपतात. त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्रा आहे, गुहेच्या उंबरठ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला. पुढे लोक त्या तरुणांच्या संख्येवरून वाद घालतात : तीन आणि चौथा कुत्रा, पाच आणि सहावा कुत्रा, सात आणि आठवा कुत्रा. माणसे किती होती यावर मतभेद आहेत. कुत्रा प्रत्येक मोजणीत आहे. नंतरच्या परंपरेने त्याला ‘कितमीर’ हे नावही दिले.

सहीह बुखारीतली तहानलेल्या कुत्र्याची हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. वाटसरू विहिरीत उतरून पाणी पितो, वर येतो तो एक कुत्रा तहानेने ओली माती चाटताना दिसतो. तो पुन्हा विहिरीत उतरतो, पायातल्या मोज्यात पाणी भरतो, मोजा दातांत धरून वर येतो आणि कुत्र्याला पाजतो. अल्लाह त्याचे गुनाह माफ करतो. दुसऱ्या एका हदीसमध्ये हेच काम एक बदनाम स्त्री करते आणि तिलाही माफी मिळते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. मराठीच्या तासाला संत एकनाथांची गोष्ट सांगते : काशीहून रामेश्वराला नेत असलेल्या कावडीतले गंगाजल त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. उर्दूच्या तासाला मोज्यात पाणी भरणाऱ्या वाटसरूची गोष्ट सांगते. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारले, “टीचर, दोन्हीकडं लोक ज्याला हाकलतात त्यालाच पाणी का पाजलं?” बी.एड.च्या वर्षभरात मला एवढा चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटले, गाय आणि घोड्याला पाणी पाजायला कुणाला सांगावे लागत नाही, म्हणून.

आपल्या वाङ्मयातही कुत्र्याला जागा आहे. नवव्या शतकात बसऱ्याच्या जाहिज यांनी प्राण्यांवर लिहिलेल्या ‘किताब अल-हयवान’ या मोठ्या ग्रंथात कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा, यावर लांबलचक वाद रंगवला आहे. बगदादचे इब्न अल-मर्जुबान, मृत्यू 921, यांनी तर कुत्र्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याचे नावच असे की कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्रे श्रेष्ठ! मालकाशी इमान राखणाऱ्या कुत्र्यांचे किस्से आणि कविता त्यात जमवल्या आहेत. हे लिहिणारा माणूस मशिदींच्या बगदादमध्येच राहत होता.

मग सगळे गोडच होते का? नाही. 1910 सालचे इस्तंबूल पाहा. उस्मानी काळात त्या शहरातली कुत्री गल्लीची मानली जात. कुणा एकाच्या मालकीची नसत, पण गल्ली त्यांना खाऊ घाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्या राज्यकर्त्यांना शहर युरोपसारखे दिसायला हवे होते. हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर सोडली गेली. तिथे पाणी नाही, अन्न नाही. वारा शहराकडे वाहिला की त्यांचे रडणे किनाऱ्यावर ऐकू येई, अशा आठवणी लोकांनी नोंदवून ठेवल्या आहेत. त्या बेटाला तुर्की लोक ‘हायिरसिझ आदा’ म्हणतात. उर्दू जाणणाऱ्याला यातला ‘खैर’ लगेच ओळखू येतो : जिथे खैर नाही असे बेट. थोड्याच वर्षांत बाल्कन युद्धात साम्राज्याचे लचके तुटले, तेव्हा ही त्या मुक्या जिवांची हाय लागली असे म्हणणारे होते. या प्रकरणात कुत्र्यांना खाऊ घालणारेही बहुतांशी मुसलमान होते आणि बेटावर सोडणारेही. ‘मुसलमानांना कुत्रा चालत नाही’ या एका वाक्यात हा इतिहास बसत नाही.

आता आपल्या मुंबईकडे या. कंपनी सरकारने 1813च्या एका नियमाने उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायची मुभा पोलिसांना दिली होती. 1832 मध्ये कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने शिपाई उत्साहाने कामाला लागले. घराच्या आवारातली कुत्रीही ओढून नेतात, अशा तक्रारी होऊ लागल्या. 6 जून 1832 हा पारशांचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. मृत माणसावर कुत्र्याची नजर पडावी यासाठी त्यांच्यात ‘सगदीद’ हा विधी असतो. ‘सग’ म्हणजे कुत्रा, ‘दीद’ म्हणजे पाहणे. दोन्ही फारसी शब्द उर्दूतही आहेत. त्या दिवशी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर कोटातले पारशी तुटून पडले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद, कोटाची रसद बंद. या बंदात पारशांबरोबर हिंदू आणि जैन होते, आणि इस्माइली मुसलमानही होते. मुंबईच्या पहिल्या मोठ्या दंगलींपैकी ही एक. ती एका धर्माने दुसऱ्या धर्माविरुद्ध केलेली नव्हती. सगळे मिळून रस्त्यावर आले होते, आणि निमित्त होते गल्लीतली बेवारस कुत्री.

दंगलीनंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशाह या दोन शेटजींनी मुंबईत पांजरापोळ उभारली. एक पारशी, एक जैन. आज आपण ज्याला रेस्क्यू सेंटर म्हणतो, त्याची मुंबईतली जुनी पायरी हीच म्हणायची. तरीही कुत्री मारणे पुढे कितीतरी दशके चालू राहिले. 2001च्या नियमांनी देशभर वेगळा मार्ग घालून दिला : मारायचे नाही, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचलले तिथेच सोडायचे. हा मार्ग पुरतो का, यावर आजही न्यायालयांत आणि गल्लीगल्लीत वाद चालू आहे.

त्या वादात दोन्हीकडे माणसे आहेत, हे मी शिक्षिका म्हणून विसरू शकत नाही. कुत्रा चावलेले मूल माझ्या वर्गात बसलेले आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस सहसा वाचत नाही. म्हणून वर्गात मी दरवर्षी सांगते : चावा बसला तर हळद-चुना लावू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, तिथे लस मिळते. रहेमत म्हणजे नुसते बिस्किट टाकून पुढे जाणे नव्हे. पिल्लू आणले तर दीड-दोन महिन्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लसी, तीन महिन्यांनी रेबीजची लस, वेळेवर नसबंदी, आणि दहा-बारा वर्षांची जबाबदारी. हे जमणार नसेल तर न आणणे ही सुद्धा रहेमतच.

आठ दिवस संपत आले. मी अम्मींपुढे वाद मांडला नाही. शुक्रवारी त्या नेहमीप्रमाणे सूरह कहफ पढायला बसल्या. पढून झाल्यावर मुसहफ बंद करून त्यांनी मला हाक मारली.

“तो कुत्रा गुहेच्या आत होता की बाहेर?”

“उंबरठ्याशी, अम्मी.”

“मग हाही उंबरठ्याशीच राहील. पडवीत. नमाजच्या खोलीकडं नाही, स्वयंपाकघरात नाही. त्याची थाळी वेगळी. आणि माझ्या कपड्यांना ओलं तोंड लावलं तर धुवायचं काम तुझं, सात वेळा.”

मी कबूल झाले. नवऱ्याने पडवीला फळकुटाचे दार बसवले. दुसऱ्या दिवशी निवाऱ्यात जाऊन कोरा रकाना भरला : होय, सर्वांची संमती आहे. टेबलामागच्या बाईंनी वाचले आणि विचारले, “मग चालतं तर तुमच्यात?” मी म्हटले, “पडवीपर्यंत चालतं.” त्या हसल्या.

लेकीने नाव ठेवले मोती. पांजरापोळवाल्या मोतीशाहबद्दल तिला काही माहीत नाही. पण हा शब्द मराठीतही तोच आणि उर्दूतही तोच, म्हणून मलाही पटले. मोती आता पाच महिन्यांचा आहे. उंबरठा ओलांडायचा नाही हे तो शिकला. परवा दुपारी शाळेतून आले तर त्याचे पाण्याचे भांडे काठोकाठ भरलेले. लेक शाळेत, नवरा कामावर. अम्मी आत तस्बीह ओढत बसल्या होत्या. मी काही विचारले नाही.