ढगांच्या पाठलागाची कुळकथा

1 एप्रिल 1960 रोजी टायरॉस-1 हा अमेरिकी उपग्रह झेपावला आणि अवकाशातून ढगांची चित्रे येऊ लागली. पण तो पृथ्वीभोवती घिरट्या घालायचा. पुन्हा त्याच भागावर येईपर्यंत आधी टिपलेला ढग विरून गेलेला असे. ढगाचा माग काढायचा, तर पाहणाऱ्याने आधी एका जागी ठरायला हवे होते.

डिसेंबर 1966 मध्ये एटीएस-1 हा उपग्रह प्रशांत महासागरावर, विषुववृत्तापासून सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर गेला. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे तो खालून स्थिर भासे. स्वतःचा तोल राखण्यासाठी मात्र तो भोवऱ्यासारखा गरगरत असे. अशा गरगरत्या यानातून फोटो काढायचा कसा? विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या व्हर्नर सुओमी आणि रॉबर्ट पॅरेंट यांनी ती गिरकीच कामाला लावली. दर गिरकीला कॅमेरा पृथ्वीची एक बारीक पट्टी टिपायचा आणि किंचित कलायचा. सुमारे 20 मिनिटांत अख्खे चित्र तयार. या साऱ्या कथेत इतकी देखणी कल्पना मला दुसरी दिसत नाही.

शिकागोत तेत्सुया फुजिता यांनी या चित्रांची फिल्म जोडून ढग कुठून कुठे सरकले ते मोजले आणि त्यावरून वाऱ्याचा वेग काढला. डोळ्यांचे हे काम 1971 मध्ये लीस, नोव्हाक आणि क्लार्क या संशोधकांनी संगणकाकडे सोपवले. पहिल्या चित्रातला एक चौकोन पुढच्या चित्रावर सरकवत न्यायचा. उजेड-अंधाराची नक्षी जिथे सर्वाधिक जुळेल, तिथे ढग पोचला असे धरायचे.

वादळी ढग मात्र नुसता सरकत नाही. तो फुगतो, फुटतो, दुसऱ्यात मिसळतो. उष्णता टिपणाऱ्या अवरक्त चित्रात ढगाचा माथा जितका थंड, तितका तो उंच. त्यामुळे ब्राझीलच्या फोरट्रॅक पद्धतीत उणे 38 अंश सेल्सिअसच्या आसपासची मर्यादा धरून त्याहून थंड भाग वेगळे काढतात. लागोपाठच्या दोन चित्रांत जे भाग एकमेकांवर पडतात, ते एकाच ढगाचे. थंड माथा झपाट्याने पसरू लागला, की वादळ अजून चढणार.

सूत्र कितीही चांगले असो, दोन चित्रांमधले अंतर कमी हवेच. भारताच्या इन्सॅट-3डी आणि 3डीआर या उपग्रहांची चित्रे आलटूनपालटून घेतली, तेव्हा आपल्याला दर 15 मिनिटांनी एक चित्र मिळू लागले. जपानचा हिमावरी दर 10 मिनिटांनी देतो. वळवाचा एकेकटा ढग अनेकदा तासाभरात संपतो, म्हणून हे अंतर आपण आणखी कमी करायलाच हवे.