कोल्हापूरचा तालीम फुटबॉल

कोल्हापूर शहरातील तालीम मंडळे आणि पेठांमधील क्रीडा मंडळे यांच्या संघांतून खेळला जाणारा निमव्यावसायिक फुटबॉल. खेळाडू मानधन घेतात. संघाची मालकी मात्र कोणा उद्योजकाकडे किंवा कंपनीकडे नसून पेठेकडे असते. स्पर्धांचे नियंत्रण कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन (के.एस.ए.) ही संस्था करते. प्रमुख सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर होतात.

पार्श्वभूमी : तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) कुस्तीला राजाश्रय मिळाला. १९१२ मध्ये कुस्तीसाठीचे खासबाग मैदान पूर्ण झाले. पेठेतील तालमीकडे स्वतःची जागा, वर्गणी देणारी घरे, पोरांवर लक्ष ठेवणारी वडीलधारी माणसे आणि शेजारच्या तालमीशी जुनी ईर्ष्या, असे सारे आधीपासूनच होते. त्यामुळे फुटबॉल रुजताना त्याला लागणारी संघटना येथे आयती मिळाली. गणेशोत्सव आणि शिवजयंती साजरी करणारे, महापुरात मदतीला धावणारे मंडळच फुटबॉलचा संघही उतरवू लागले. राजघराण्याचा आश्रय फुटबॉललाही लाभला व तो पुढे चालू राहिला. याच घराण्यातील, के.एस.ए.चे अध्यक्ष मालोजीराजे छत्रपती २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर निवडून आले.

संघ व स्पर्धा : मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम मंडळ (पी.टी.एम.), बालगोपाल तालीम व प्रॅक्टिस क्लब, शिवाजी पेठेतील खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ व संध्यामठ तरुण मंडळ, रविवार पेठेतील दिलबहार तालीम, उत्तरेश्वर पेठेतील वाघाची तालीम आणि उपनगरातील फुलेवाडी क्रीडा मंडळ हे परिचित संघ होत. वरिष्ठ गटात १६ संघ असतात. हंगाम साधारणपणे हिवाळ्यात खेळाडूंच्या नोंदणीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. आधी शाहू छत्रपती के.एस.ए. लीग होते, त्यानंतर मंडळे व पुरस्कर्ते यांच्या सतेज चषक, अटल चषक, चंद्रकांत चषक यांसारख्या बाद पद्धतीच्या स्पर्धा भरतात.

अर्थव्यवहार : पूर्वी खेळाडू बहुधा त्याच पेठेतला असे. आता नोंदणीच्या काळात चांगल्या खेळाडूंसाठी संघांमध्ये चढाओढ लागते आणि खेळाडू एका तालमीकडून दुसरीकडे जातात. बाहेरगावचे, तसेच आफ्रिकी देशांतील खेळाडूही एका हंगामापुरते आणले जातात. त्यासाठी लागणारा पैसा वर्गणी, देणगीदार, स्थानिक व्यावसायिक आणि राजकीय पुढारी यांच्याकडून येतो. बहुतेक स्थानिक खेळाडू नोकरी, धंदा किंवा शिक्षण सांभाळून खेळतात. हा फुटबॉल निमव्यावसायिक ठरतो तो यामुळे.

इतर ठिकाणांशी तुलना केल्यास या व्यवस्थेचे वेगळेपण कळते. गोव्यातील धेंपो व साळगावकर हे संघ उद्योगसमूहांनी पोसले. २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा संघ मूळ कंपनीच्या निर्णयाने २०१० मध्ये बंद झाला. कोल्हापुरात एखादा पुरस्कर्ता गेला तर संघाची ताकद घटते, पण संघ मोडत नाही. तालीम जागेवरच असते. याची दुसरी बाजू अशी की, एवढ्या संघांपैकी एकही पूर्ण व्यावसायिक क्लब होऊन देशाच्या वरिष्ठ पुरुष लीगमध्ये टिकलेला नाही. पेठेच्या नावावर जमणारा पैसा पेठेबाहेरच्या लांबच्या हंगामाला पुरत नाही.

प्रेक्षक : शाहू स्टेडियम जुन्या रावणेश्वर तळ्याच्या जागेवर उभे आहे. भर वस्तीत असल्याने पेठांमधले प्रेक्षक चालतच सामन्याला येतात. समर्थकांच्या बसण्याच्या जागा ठरलेल्या असतात. झेंडे, हलगी आणि घोषणा यांनी गॅलरी दणाणते. पाटाकडील, खंडोबा, प्रॅक्टिस, दिलबहार यांच्यातील लढतींना विशेष गर्दी होते. या ईर्ष्येतून मैदानात व मैदानाबाहेर हुल्लडबाजी, दगडफेक, हाणामारी असे प्रकार अनेकदा घडले आहेत. त्यामुळे महत्त्वाचे सामने पोलीस बंदोबस्तात होतात. खेळाडूंवर बंदी व संघांवर दंडाची कारवाईही होते.

खेळाडू : या वातावरणात फुटबॉलची गोडी लागलेली काही मुले शहराबाहेरच्या प्रशिक्षण केंद्रांतून पुढे गेली. अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि २०२१–२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबाद एफ.सी.च्या चमूत होता. निखिल कदम पुण्याच्या डी.एस.के. शिवाजीयन्सकडून व पुढे कोलकात्याच्या मोहन बागानकडून खेळला. महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये एफ.सी. कोल्हापूर सिटी या संघाने भाग घेतला. पुरुषांच्या फुटबॉलला जे साधले नव्हते, ते महिलांनी साधले : तो संघ कोणत्याही पेठेच्या नव्हे, तर शहराच्या नावाने खेळला.